डुबकीवरून झालेलं भांडण

पुण्याच्या त्या संपादकबाई माझ्याबद्दल काय सांगतात ते माझ्या कानावर येत असतं. नागपूरची ती लाकडी बैल विकणारी, भांडकुदळ, भरल्या सभेत तिनं माझ्या हातातले कागद हिसकावले, अशा बाईसोबत काम करायचं तरी कसं. कागद हिसकावले हे खरं आहे. पण त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे त्या सांगत नाहीत. त्यांचं सांगून झालं. आता माझं ऐका.

माझं दुकान सक्करदऱ्यात आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल हा मुख्य माल, वर्षाच्या बाकी दिवसांत पाट, चौरंग, देव्हारे. वडील सुतार होते. त्यांनी मला दुकान दिलं नाही. रंधा दिला आणि फुटपाथवरची जागा दिली. त्या जागेवरून मी आजच्या शटरपर्यंत आले ते तोंडाच्या जोरावर. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक घासाघीस करणार हे धरून चालायचं, म्हणून बैलाच्या गळ्यात आधीच घुंगरांची माळ घालून ठेवायची. गिऱ्हाईक अडून बसलं की तोंड वाकडं करत माळ काढून घ्यायची आणि भाव थोडा उतरवायचा. त्याला वाटतं आपण जिंकलो. बैल मात्र आपल्याला हव्या त्या भावातच जातो. माळ विकायला नसतेच, ती काढून घेण्यासाठी असते.

गोष्टीही मी तिथेच शिकले. पोरगं आईचा पदर ओढत उभं असायचं आणि आई पुढच्या दुकानाकडे बघत असायची, तेव्हा मी पोराच्या कानात सांगायचे, "हा साधा बैल नाही बरं, हा पोळ्याच्या दिवशी बोलतो." काय बोलतो, कुठे नेतो, वाटेत कोण भेटतं, हे मग सांगावंच लागायचं. सांगता सांगता बैलांचं एक आख्खं नगर माझ्या डोक्यात उभं राहिलं. कोरोनात दुकानाचं शटर खाली होतं, तेव्हा ते नगर कागदावर उतरवायला बसले. शिक्षण दहावी. पण बोलता येतं त्याला लिहिता येतं, असं माझं मत होतं आणि आहे.

आता माझ्या मित्राचं सांगते, कारण पुस्तक त्याच्यावरच होतं.

त्याला मी 'तो'च लिहिणार, लहानपणचं सांगतानाही. तेव्हा गल्लीत सगळे त्याला पोरगी समजायचे. दोन वेण्या, निळा फ्रॉक, हाक मारायचं नाव मुलीचं. माझ्याच वर्गात होता. बोलायला कमी, पण बैलाचं चाक निखळलं तर माझ्या वडिलांच्या आधी त्याचा हात खिळ्यावर जायचा. एका तान्ह्या पोळ्याला तो आमच्या पालाच्या, म्हणजे तेव्हाच्या आमच्या फुटपाथवरच्या दुकानाच्या, मागे आला आणि म्हणाला, "मले धोतर नेसायचं हाये. फेटा बी."

तान्ह्या पोळ्याला मुलं शेतकऱ्यासारखी सजतात, लाकडी बैल ओढत मैदानात जातात, मग घरोघर फिरून बोजारा गोळा करतात, म्हणजे ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे खाऊ किंवा नाणी. त्या काळी आमच्याकडे हे सगळं मुलांचं होतं, मुली बघायला जायच्या. मी माझ्या भावाचं धोतर आणलं. फेटा वडिलांचा. वेण्या वर गुंडाळून त्यावर फेटा बांधला, कोळशानं मिशी काढली. मैदानात मंडळाचे काका माईकवर बोलत होते. त्यांनी त्याला पुढे बोलावलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हा पोरगा कोणाचा व्हय बाप्पा? वेशभूषेत पहिला नंबर याचा!"

त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आजही सांगता येत नाही. पुस्तकात सांगायचा प्रयत्न केला होता.

गर्दीत त्याची आत्या होती. ती पुढे आली आणि तिनं फेटा ओढला. वेण्या खाली पडल्या. मैदानभर हसू फुटलं. "पोरगी व्हय ना थे! नाटकातली दिसते!" कोणी तरी ओरडलं, "मिशी पुस वं!" तो हलला नाही. मातीत पडलेल्या फेट्याकडे बघत उभा राहिला. मी गेले, फेटा उचलला, झटकला, आणि सगळ्यांसमोर परत त्याच्या डोक्याला बांधला. घाईत फेटा तिरपा बसला. आत्या मला म्हणाली, "तुले कोनं सांगतलं गं मधात पडाले?" मी म्हणाले, "बैल आमच्या दुकानचा हाये. बैल घेऊन फिरणार तो फेट्यातच फिरन." मी त्या वयातही अशीच होते. आम्ही दोघं त्या दिवशी पूर्ण वस्तीत फिरलो. काही घरांनी दार लावून घेतलं. काही घरांनी दिलं.

पुढची वर्षं त्यानं स्वतःच्या पायांवर काढली. घर सोडलं, शिकला, दवाखान्यांच्या रांगा, कागदांवरचं नाव बदलायला कचेऱ्यांच्या रांगा. आज तो कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. कोणत्या, ते लिहिणार नाही. तिथे त्याला सगळे पुरुष म्हणूनच ओळखतात आणि त्यापलीकडे कोणाला काही माहीत असण्याची गरज नाही. आई त्याच्याजवळ राहते. आत्यासुद्धा येऊन जेवून जाते.

पुस्तकाची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा आम्ही त्याच्या घराच्या गच्चीवर बसलो होतो. पुस्तक मोठ्या होत आलेल्या मुलामुलींसाठी, तेरा-चौदापासून पुढच्या. बैलांच्या नगराच्या राजाघरचं मूल, ज्याला सगळे राजकन्या म्हणतात आणि जो आतून राजपुत्र आहे. आणि त्याची मैत्रीण, सुताराची मुलगी. तो म्हणाला, "लिही. पण माही एक अट हाये."

"बोल ना."

"जादूनं मले बदलवू नको. थे गोष्टींमंधी राहते ना, शाप सुटला, तळ्यात डुबकी मारली अन् बाहेर निंगाला तर पोरगा. तसं नाही पाहिजे. मी काही डुबकी मारून इथवर आलो नाही. तुले माहीत हाये मी कसा आलो."

"बैल बोलले तर चालते?"

"बैल बोलू दे, उडू दे. माह्या आंगाले जादू लावू नको. बस."

"नाही लावत."

"डुबकी नाही ना?"

"पुस्तकात डुबकी नसन," मी म्हणाले. आणि तसं माझ्या मनात होतंही.

मी पुस्तकाचा शेवट त्या मैदानावरून केला. नगराला एक वेस आहे. पोळ्याच्या दिवशी बैल आपल्या स्वाराला वेशीपर्यंत आणतात आणि वेस विचारते, कोण? राजपुत्र सांगतो, पण वेस उघडत नाही, कारण तिला दुसऱ्या कोणाची तरी साक्ष लागते. गर्दीतून साक्षीला कोणी येत नाही. मग सुताराची मुलगी पुढे येते आणि त्याच्या डोक्याला फेटा बांधते. फेटा तिरपा बसतो. वेस उघडते. एवढंच. ते प्रकरण मी कितीदा लिहिलं ते मला माहीत. बाकीचं पुस्तक गिऱ्हाइकाशी बोलता बोलता झालं होतं, ते प्रकरण मात्र घाम काढून गेलं.

आता संपादकबाई. एका ओळखीच्या ग्रंथपालांनी माझं हस्तलिखित त्यांच्याकडे पाठवलं. त्यांचा फोन आला, फार गोड बोलल्या. "अहो, तुमच्या भाषेत काय ताजेपणा आहे! पण थोडी कात्री लावावी लागेल हं, ती आमची सवयच असते." ही सवय मला ओळखीची वाटली. काही तरी काढल्याशिवाय यांना घेतल्यासारखं वाटणार नाही. आणि काढायला बसल्या तर यांचा हात वेशीच्या प्रकरणावरच जाणार, कारण त्यात लढाई नाही, राक्षस नाही, कोणी मरत नाही. म्हणून मी त्यांना पक्की प्रत पाठवताना त्यात एक प्रकरण वाढवलं. चांदीच्या मासोळ्यांचं तळं, तळाशी राणी, आणि राजपुत्राची डुबकी. दोन बैठकांत लिहून टाकलं. मुद्दाम भडक लिहिलं. त्या काढा म्हणतील, मी खूप हळहळेन, मग काढेन, आणि त्या मोबदल्यात वेस तशीच्या तशी ठेवून घेईन.

मित्राला हे सांगितलं नाही. जे पुस्तकात राहणारच नाही ते त्याला कशाला सांगायचं?

महिनाभरानं बाईंचा फोन आला. "तळ्याचं प्रकरण! अहो, अंगावर काटा आला. हाच तुमचा शेवट. ते वेशीचं जरा रेंगाळतं, ते आपण काढूच."

मला क्षणभर कळलंच नाही की बैल मागे ठेवून माळ उचलून चाललेलं गिऱ्हाईक कसं थांबवायचं. मी म्हणाले, "नाही नाही, तळं काढा. मला नंतर वाटलं ते हलकं झालं."

"लेखकाला आपलं चांगलं कळत नाही, असं बरेचदा होतं."

"बाई, मी सांगते ना, तळं काढा."

"बघते मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय तर बघते."

बघते म्हणजे काय? आमच्या बाजारात गिऱ्हाईक 'बघतो' म्हणालं की ते परत येत नाही. पण शिकलेल्या माणसानं फोनवर शांतपणे 'बघते' म्हटलं, ते मी होकार धरलं. त्यावर मी भांडले नाही, याचाच मला जास्त राग आहे. नको तिथे भांडते आणि नेमकी तिथे गोड बोलण्याला भुलले.

मग त्यांनी कळवलं की त्या नागपूरला येतायत, एका वाचनालयाच्या सभागृहात कॉलेजच्या मुलांसमोर पुस्तकातलं एक प्रकरण वाचून दाखवायचं, पुस्तक यायच्या आधी थोडी हवा करायची. मी मित्राला म्हणाले, "रविवार हाये, सुट्टी हाये, ये. तुले ऐकायचं हाये थे ऐकाले भेटन."

"वेशीचं वाचणार काय?"

"दुसरं कायचं वाचतीन?"

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. तिसऱ्या रांगेत कडेला बसला. सभागृहात पंखे होते पण हवा नव्हती. मुलं बरीच आली होती, काही खाली सतरंजीवर. मी मंचावर, बाजूला बाई. बाईंनी माझी ओळख करून दिली, त्यात 'मातीतली' हा शब्द एकदा नाही, अनेकदा आला. मी हसत होते. मग त्यांनी चष्मा लावला आणि कागद उघडले.

"तळं काळं होतं, पण त्याच्या पोटात चांदी फिरत होती. मासोळ्या त्याच्या पायांभोवती गोळा झाल्या आणि म्हणाल्या, ये, आत ये, तुझं खरं अंग इथे खाली ठेवलेलं आहे…"

माझं वाक्य. मीच लिहिलेलं. मी बाईंच्या हाताला हलकेच हात लावला. त्यांना वाटलं मी भारावले. त्यांनी माझा हात थोपटला आणि पुढे वाचत राहिल्या. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं नाही. नंतर बघितलं. तो समोर बघत होता, अगदी सरळ. हात गुडघ्यांवर होते. मैदानात फेटा पडला होता तेव्हा तो असाच उभा होता.

"…त्यानं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि डुबकी…"

मी कागद ओढले. त्या सोडेनात. एक कागद फाटला. "हे पुस्तकात नाही," मी माईकमध्ये म्हणाले. आवाज कर्कश झाला, माईक शिट्टी वाजल्यासारखा ओरडला.

"अहो, काय करताय?" बाई हसत म्हणाल्या, मुलांकडे बघून. "आहे ना. तुम्हीच पाठवलंय."

"पाठवलं, पण तुम्ही काढून टाकावं म्हणून पाठवलं!"

सभागृह हसलं. मुलांना वाटलं गंमत चालली आहे. पुढच्या रांगेतली एक मुलगी टाळ्या वाजवत होती. आणि त्या हशातच मला कळलं की मी आत्ता कोणासमोर काय बोलले. तो उठला होता. रांगेतल्या मुलांच्या पायांवरून वाट काढत, प्रत्येकाला 'जरा' म्हणत, तो दाराकडे जात होता.

मी मंचावरून खाली उतरले. मागून बाई म्हणत होत्या, "लेखिकेला जरा गहिवरून आलंय."

खाली गाड्यांच्या जागेवर तो स्कूटरची किल्ली फिरवत होता आणि ती लागत नव्हती.

"थांब गा. ऐक तर."

"ऐकली ना डुबकी. मस्त लिहिली."

"अरे थे काढायसाठीच टाकलं होतं. आपल्या दुकानात जसं…"

"मले माहीत हाये तुह्या दुकानात काय राहते. माळ घालते अन् माळ काढते." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी तुह्या दुकानातला बैल व्हय का?"

"तुह्यासाठीच केलं ना मी! वेशीचं वाचलं पायजे म्हणून!"

"मले इचारलं?"

"तू नाहीच म्हणला असता."

"मंग?"

मी आवाज चढवला. "तुले व्यवहार कळत नाही! सगळीकडं सरळ गेलं तर काहीच भेटत नाही जगात. मी अशीच आली इथवर!"

"बरोबर हाये. तू भाव करून आली." स्कूटर सुरू झाली. "मी एकच गोष्ट मांगतली होती तुले. एवढ्या वर्षात एक. तू त्याच्यावर बी भाव केला."

तो गेला. मी वर गेले नाही. माझी पर्स मंचावरच राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी आणून दिली आणि कुठलाही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर त्याचा फोन लागायचा, उचलायचा नाही. त्याची आई उचलायची. "अवं बाई, थो आंघोळीले गेला." इतक्या आंघोळी माणूस करत नाही, हे तिलाही माहीत होतं. "काय केलं तुमी दोघायनं? थो सांगत नाही, तू बी सांगत नाही." मी म्हणायचे, काही नाही मावशी.

आठवड्यानंतर बाईंचा फोन आला. मी भांडायला तयार होते, पण त्या व्यवहाराच्या आवाजात बोलल्या. "झालं ते झालं. आपण मधला मार्ग काढू. तुमची वेस ठेवते, पूर्ण, एक ओळ काढत नाही. तळंही ठेवते, पण स्वप्न म्हणून. राजपुत्राला स्वप्न पडतं की आपण डुबकी मारली. म्हणजे तुमचंही राहिलं, माझंही राहिलं. मुखपृष्ठावर तळं घेते, वाचक मुखपृष्ठ बघून येतो. छपाईची वेळ ठरली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत मला हो किंवा नाही हवं."

हे मी इतक्या वर्षांच्या बाजारात शिकले होते, की समोरच्यानं निम्मं दिलं तर घ्यावं. मला अख्खी वेस मिळत होती. आणि स्वप्न म्हणजे काय, खरं थोडंच झालं? जादू अंगाला लागलीच नाही. अट मोडली असं कोणी म्हणू शकणार नाही. मी हा मुद्दा रात्रभर घोळवला, सकाळी मला तो अगदी पक्का वाटला, आणि दुपारी मी कळमेश्वरची बस पकडली.

कामाची पाळी सुटायची वेळ होती. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे तो दोन-तीन सोबत्यांबरोबर उभा होता. मला बघून त्याचा कप तोंडाजवळ थांबला.

एक जाडसर सोबती म्हणाला, "साहेब, वहिनी व्हय काय? सांगतलं नाही तुमी!"

"दोस्त हाये," तो म्हणाला. "शाळेतली."

"शाळेतली दोस्त इतक्या दूर बसनं येते? आमच्या शाळेतल्या ओळखत बी नाहीत."

"तुले काहून ओळखतीन? उधार घेतलं असन," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. या माणसांसमोर मी तोंडातून एक चुकीचा शब्द काढला असता तर त्याची इतक्या वर्षांची शांतता गेली असती, आणि मला तोंड आवरत नाही हे त्याला जितकं माहीत आहे तितकं कोणालाच नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "पाच मिनिटं बोलायचं होतं. घरचं काम हाये." तो कप ठेवून कुंपणाच्या बाजूला आला.

मी भराभर सांगितलं. वेस पूर्ण राहणार. एक ओळ जाणार नाही. तळं फक्त स्वप्नात.

"स्वप्नात?" तो म्हणाला.

"स्वप्नातच. जागा झाला की काही नाही. आंगाले जादू लागतच नाही, तू म्हणला होता तसंच."

तो हसला. चिडून नव्हे, खरोखर हसला, आणि ते मला जास्त लागलं.

"तुले मी कधी सांगतलं नाही," तो म्हणाला. "इचारलं नाही तू, मी सांगतलं नाही. मले लहानपणी स्वप्न पडे ना, त्यात मी पोरगाच राहो. पहिलेपासून. शाळेत जाऊन राहिलो, तुह्या दुकानात बसून राहिलो, आई हाक मारून राहिली. कोनाले काही वाटे नाही. डुबकी कायले मारू? उठलो म्हणजे मंग भानगड राहे." त्यानं कुंपणाच्या तारेला बोट लावलं. "तू जागेपणी बी डुबकी मारवली अन् आता स्वप्नात बी मारवून राहिली. एक जागा होती, तिथं मले काही करा लागत नव्हतं."

टपरीवरून कोणी तरी ओरडलं, "साहेब, बस येऊन राहिली!"

माझ्या तोंडात दोन-तीन मुद्दे तयार होते. वेस तरी हजारो मुलं वाचतील, हा एक होता. त्या मुलांमध्ये कोणी तुझ्यासारखा असेल, हा दुसरा, आणि तो खरा होता, आजही खरा आहे. मी फोन काढला आणि त्याच्यासमोर बाईंना लावला.

"तळं राहणार नाही," मी म्हणाले. "स्वप्नातही नाही. मुखपृष्ठावरही नाही."

"अहो, मी तुम्हाला एवढं दिलं…"

"दिलं. मला नको."

"मग आम्हाला हे पुस्तक करता येणार नाही."

"नका करू."

"तुम्ही विचार करा. दुसरं कोणी हे घेईल असं मला वाटत नाही, आणि तुमच्याबद्दल लोक विचारतील तेव्हा मला खरं ते सांगावं लागेल."

"काय सांगायचं ते सांगा," मी म्हणाले, आणि त्या सांगतातच. आणखी बरंच बोलायचं माझ्या मनात होतं, 'बघते' या शब्दाबद्दल, 'मातीतली' या शब्दाबद्दल. पण त्यांनी फोन ठेवला होता. ते सगळं अजून माझ्या पोटात आहे.

कारखान्याची बस फाटकाशी येऊन थांबली. माणसं चढायला लागली.

"पुस्तक गेलं तुह्यं," तो म्हणाला.

"गेलं."

"मले बरं वाटलं म्हणलं तर तुले राग येईन काय?"

"येईन. पण म्हण."

"बरं वाटलं." मग तो म्हणाला, "राग गेला नाही पण माहा. हे केलं म्हणून थे पुसलं, असं धरू नको."

"मी कुठं धरून राहिली?"

"धरून राहिली. तोंड पाहून समजते."

जाडसर सोबत्यानं दारातून हाक मारली, "साहेब, चला! दोस्तीनबाईले बी घ्या, जागा हाये!"

"तिची बस दुसरी हाये," तो म्हणाला आणि पायरीवर चढला. मग तिथूनच वाकून विचारलं, "रविवारी दुकान उघडं राहते काय तुह्यं?"

"राहते. दिवसभर."

"पाहतो," तो म्हणाला. दार बंद झालं आणि बस नागपूरच्या रस्त्याला लागली.